उणे पाच मोठं

विश्रामबागेतल्या आइस्क्रीमच्या दुकानात नातीसाठी कप घेताना फ्रीजरवरचा लाल आकडा दिसला, उणे अठरा. दुकानदारानं झाकण सरकवलं, गार वाफ तोंडावर आली आणि मी थेट उंब्रजच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन उभी राहिले.

फळ्यावर मी संख्यारेषा काढली होती. उणे पाच मोठी की उणे तीस, असं विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात "उणे तीस" म्हणाला. दरवर्षी हेच व्हायचं आणि दरवर्षी मी चिडायचे. खडू आपटून नियम पुन्हा सांगणार, तेवढ्यात खिडकीजवळची आरती उठली.

"न्हाई बाई, उणे पाच मोठं. माझं पप्पा मिल्ट्रीत हायेत, लांब बर्फात. तिकडं उणे पाच असलं की फोनवर लय बोलत्यात. उणे तीस असलं की नुसतं 'बरी हाईस न्हवं' म्हणत्यात आन् ठेवत्यात."

ज्यांना संख्यारेषा कळली नव्हती, त्यांनाही ते कळलं. मी खूश झाले, तिला शाबासकी दिली आणि निवृत्त होईपर्यंत तेच उदाहरण देत राहिले.

नात कप घेऊन केव्हाच बाहेर पळाली होती. मी अजून त्या लाल आकड्याकडे बघत होते. ती पोर तसला आकडा मनात घेऊन माझ्या वर्गात बसायची. आज तिकडं किती आहे, एवढं मात्र मी तिला एकदाही विचारलं नाही.