रुमालामागचा प्रश्न

तोंडावर रुमाल धरून मी माझ्या मित्राला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याला आता तीन वर्षं होतील. त्या दिवशी मला सर्दी झालेली नव्हती.

आम्ही चौघे डिंडोली या कामगारवस्तीतले. नवा सिनेमा लागला की पहिल्या सुट्टीला दुपारचा खेळ बघायचा आणि बाहेर पडून चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, त्याची चिरफाड करायची, असा आमचा नेम होता. एक जण रिक्षा चालवायचा. हाणामारी बरी असली की त्याचं समाधान व्हायचं. दुसरा इच्छापोरला लोखंडाच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता, त्याला सगळ्यात खोट दिसायची. मी साडीच्या दुकानात माल तपासतो, थोडंफार वाचतो, म्हणून शेवटचा निकाल माझाच असं मी धरून चाललो होतो. चौथा माझा जुना जोडीदार. पूर्वी आम्ही एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, शेजारशेजारच्या मशीनवर होतो. मी सहा वर्षांत बाहेर पडलो. तो बावीस वर्षं तिथेच राहिला.

खात्यात मशीनच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी कळत नाही. तिथे माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. मी बाहेर पडल्यावर माझे कान ठीक राहिले, त्याचे गेले. हे फक्त त्याच्या बायकोला आणि मला ठाऊक होतं. घराच्या जिन्यात मला थांबवून त्याने सांगितलं होतं, "माले आयकू येत नही भो. कोनले सांगू नको." नाही सांगणार, असं मी त्याला म्हटलं होतं, तोंड नीट हलवून.

सिनेमातही तो ओठच वाचायचा. जे निसटायचं ते मी थिएटरपासून लारीपर्यंतच्या रस्त्यात त्याला सांगायचो, एक पाऊल पुढे राहून, त्याच्याकडे तोंड करून. आणि मग लारीवर तो असं काही बोलायचा की आमचा वाद तिथेच संपायचा. नायिका रडली पण तिची हनुवटी हलली नाही, बापाने मुलाला जवळ घेतलं पण बोटं ताठच होती, असलं. आमच्यातल्या कुणालाच ते दिसलेलं नसायचं. रिक्षावाला मला म्हणायचा, "परीक्षकसाहेब, तुम्ही आता रिटायर व्हा." मीही हसायचो. पण ते मला लागायचं.

त्या महिन्यात त्याचं खातं बंद होणार होतं. सुपरवायझरने शब्द दिला होता की सोमवारपासून त्याला आपल्याकडे लावून घेतो. काम क्रेनला लोखंडी पत्रे अडकवण्याचं. ते काम कानाचं आहे हे मला कळत होतं. क्रेनवाला भोंगा देतो, मग खालचा माणूस बाजूला होतो. मी दिवसभर त्याचा विचार करायचो आणि संध्याकाळी काहीच बोलायचो नाही.

त्या दिवशीचा सिनेमा दक्षिणेतला होता, त्याला हिंदी आवाज दिलेला. दहा मिनिटांतच माझ्या ध्यानात आलं की ओठ एक बोलतायत आणि शब्द दुसरेच येतायत. मी अंधारात त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे वाकून बसला होता.

बाहेर पडल्यावर तो माझ्या शेजारी आला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. सुपरवायझर आमच्याबरोबरच चालत होता, त्यामुळे बोलता आलं नाही, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं म्हणजे बोलता आलं असतं. माझ्या जोडीदाराला एकदा तरी अडकलेलं बघावं, असं मनात आलं होतं.

लारीवर पाळी त्याची आली. शेवटी थोरला भाऊ धाकट्याला माफ करतो तो प्रसंग चांगला जमलाय, असं तो म्हणाला. रिक्षावाला हसायलाच लागला. थोरल्याने तर पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस म्हणून बजावलं होतं. झोपला होतास का भो, असं त्याने विचारलं. ते त्याने समोर बसून विचारलं, त्यामुळे माझ्या जोडीदाराला ओठांवरून कळलं. हा मागे हटला नाही. चेहरा माफ केल्याचाच होता, म्हणाला.

मी सांगू लागलो की संवाद स्पष्ट आहे, लेखकाला काय म्हणायचंय ते स्पष्ट आहे. तेवढ्यात सुपरवायझरने मला थांबवलं. "याचं पटतं मला," तो म्हणाला. "तू ऐकलेलं सांगतो, हा बघितलेलं सांगतो."

मी खिशातून रुमाल काढला. नाक पुसल्यासारखं केलं आणि रुमालामागून, नेहमीच्या आवाजात, त्याला विचारलं, "सोमवारी किती वाजता निघणार?"

त्याने रुमालाकडे पाहिलं. मग माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी रुमाल खाली घेतला नाही.

"हां, तेच ना," तो म्हणाला. "त्याना डोया देख ना." तो अजून सिनेमातल्या थोरल्याच्या डोळ्यांबद्दलच बोलत होता.

रिक्षावाला हसला आणि मधेच थांबला. सुपरवायझर हसला नाही. त्याने हातातला ग्लास बाकावर ठेवला, उठून याच्या पाठीमागे जाऊन याला हाक मारली, एकदा, दोनदा. हा माझ्याकडेच बघत होता.

सोमवारी त्याला कुणी बोलावलं नाही. सुपरवायझर नंतर मला म्हणाला की बरं केलंस, एखाद्या दिवशी पत्र्याखाली गेला असता तो. ते खरं आहे. पण मी ते त्यासाठी केलं नव्हतं. त्याला वाचवायचं असतं तर जिन्यात, समोरासमोर सांगता आलं असतं की हे काम घेऊ नको. मला सिनेमावरचा वाद जिंकायचा होता.

आमचं लारीवर बसणं तेव्हापासून बंद झालं.

चार महिन्यांनी मी त्याच्या घरी गेलो. तो बायकोबरोबर जमिनीवर बसून साडीला खडे चिकटवत होता. मी आलो तेव्हा त्याने एकदा वर पाहिलं, बसायला गोणपाट सरकवलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी माफी मागितली. मग आणखी एकदा, मोठ्याने. बायकोचा हात थांबला. त्याचा थांबला नाही. तो सुईच्या टोकाने एकेक खडा उचलत होता.

"त्यासले मी सांगू का?" तिने विचारलं.

मी नको म्हणालो. ते मलाच सांगायला हवं होतं आणि त्यासाठी त्याने वर बघायला हवं होतं. पदराचा काठ भरला, त्याने साडी पुढे ओढून घेतली आणि दुसरा काठ सुरू केला. मी त्याच्यासमोर बसून राहिलो, तोंडावरचा घामसुद्धा न पुसता. रुमाल खिशात होता. तो काढायची हिंमत झाली नाही.