बुटांची वर्गणी

अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीतच शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. तरुणपणी ते भारताकडून फुटबॉल खेळले, पुढच्या फळीत. दिघाशीच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, कापणी झालेल्या शेतात अनवाणी शिकलेला खेळ. परदेश दौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा गावाने दोनशे रुपये वर्गणी काढून त्यांना बूट आणि गरम कोट घेऊन दिला. "नोकरी लागली की फेडतो," असं मामा देवळासमोर सगळ्यांदेखत बोलले. तिकडे थंडीच्या चिखलात बूट घालावेच लागले. बुटातून त्यांना चेंडू कळेना. समोर गोल मोकळा असताना त्यांनी बाहेर मारला. पुढच्या दौऱ्यात गुडघा गेला आणि खेळावर मिळणारी नोकरीही गेली. मग ते भिवंडीत लूमवर लागले. पैसे साठले की घरात काहीतरी निघायचं. पुढे दोनशेला किंमत उरली नाही, तेव्हा तर त्यांना जास्तच लाज वाटू लागली. गावात ना जत्रेला गेले, ना मयतीला.

ते भारताकडून खेळले यावर भिवंडीच्या गल्लीत कुणाचा विश्वास नव्हता. शेजारचा लूमवाला चिडवायचा, "चाचा, क्रिकेट खेलते तो आज बंगला होता!" मामाही हसायचे.

मग लकवा मारला आणि वाचा गेली. तेव्हापासून उशीखाली जपलेल्या शंभराच्या दोन नोटा काढून दाराकडे बोट दाखवायचे. नवरा म्हणाला, "येडी झालीस का? रिक्षालाच त्याच्यापेक्षा जास्त लागतील." मी लूमसाठी सुताच्या कांड्या भरून मिळवलेले पैसे रिक्षाला दिले आणि त्यांना घेऊन गेले.

त्या शेतावर आता गोदाम आहे. देवळाच्या पायरीवर तीन-चार माणसं बसली होती. मामांनी नोटा पुढे धरल्या. बोलायचं मलाच होतं. परक्या पुरुषांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर घट्ट धरून कसंबसं सगळं सांगितलं.

"दोनशे? वयनी, यात आता बुटाची नाडी तरी येल का?" एकजण हसला.

"देणारे सगळे गेले. ऱ्हाऊ द्या," दुसरा म्हणाला.

"हा म्हातारा कोण पण?"

"फुटबॉल खेळायचा म्हनं."

मामांनी हात खाली घेतला नाही. मी म्हणाले, "घ्या ओ दादा. गावाचे आहेत. मोजून घ्या."

मघाशी हसलेल्यानेच नोटा घेऊन उलटून पाहिल्या. "बरोबर हायेत," म्हणाला आणि देवळाच्या पेटीत टाकल्या. मग मोबाइल कानाला लावून गोदामाच्या भाड्याचं बोलू लागला. मामा माझ्या खांद्याला धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते, अजून काही बोलेल म्हणून. तो फोनवर बोलत बोलतच गोदामाकडे निघून गेला. पैसे मात्र पुरे फिटले.