काळ्या चौकटीतले त्रिफूकाका

सर्बियातल्या आमच्या बानातमध्ये रोमेनियन बोलणारी गावं मोजकीच, आणि वर्षेत्स शहरातून निघणारं रोमेनियन साप्ताहिक म्हणजे या गावांचा जीव की प्राण. पेर्सिदा आमच्या गावची बातमीदार. दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारायची, संध्याकाळी बातम्या लिहायची. लग्नं, बँडच्या स्पर्धा, कुणाचा भोपळा केवढा झाला, सगळं तिच्याच हातचं. बाई नाकासमोर चालणारी. तिच्या बातमीत आजवर खोट निघाली नव्हती, आणि त्याचा तिला तोरा जरा जास्तच होता.

लोक मात्र पेपर उघडायचे तो शेवटच्या पानापासून. तिथे काळ्या चौकटीत गेलेल्यांचे फोटो आणि पोमानाची, म्हणजे श्राद्धाच्या जेवणाची आमंत्रणं. व्हिएन्नात, शिकागोत पांगलेली पोरं गावाची खबर तिथूनच घ्यायची.

द्राक्षं उतरायच्या सुमारास त्रिफूकाकांनी जिवंतपणीच स्वतःचं पोमाना घालायचं ठरवलं. आमच्याकडे तशी रीत आहे.

"बायको गेली, पोरं परदेशात. मेल्यावर माझ्या नावानं जेवण कोण घालणार?" काका म्हणाले.

पेर्सिदानं फोटो आणि चार ओळी धाडल्या. काका जिवंत आहेत एवढंच लिहायचं राहिलं. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं की! शहरातल्या कचेरीनं फोटो पाहिला, पोमाना वाचलं आणि काळी चौकट ठोकून दिली.

पेर्सिदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका पोट धरधरून हसले. "अगं, फोटो मात्र झकास आलाय!"

पुढच्या रविवारी अंगणात टेबलं लागली. काका स्वतः सूप वाढत होते. तेवढ्यात फाटकाशी व्हिएन्नाची गाडी थांबली आणि त्यांचा मुलगा सीमा पुष्पचक्र घेऊन उतरला. कित्येक वर्षांनी येत होता, तोही ओरडतच. "बाप गेला आणि कुणी साधी तार करू नये?"

मग त्याला डाव घेऊन उभा असलेला बाप दिसला.

"ये," काका म्हणाले. "सूप गरम आहे."

सीमा आधी भडकला. मग बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. जेवणारेही डोळे पुसायला लागले.

सोमवारी संपादकांचा फोन आला. "पेर्सिदाबाई, खुलासा पाठवा. पेपरच्या अब्रूचा प्रश्न आहे."

तिनं तो लिहूनच ठेवला होता. वाचून दाखवायला ती काकांकडे गेली. ऐकता ऐकता काकांचं हसू मावळलं.

"एवढा खुलासा छापू नकोस, पेर्सिदा."

"काका, माझ्या नावाला बट्टा लागलाय! अख्खं गाव हसतंय मला."

"ठाऊक आहे गं." काका खाली बघत म्हणाले, "सीमालाही सांगितलंय, गप्प बस म्हणून. शिकागोला पेपर उशिरा पोचतो. तिथल्या माझ्या पोरीनं अजून वाचला नसेल."

पेर्सिदानं खुलाशाची घडी घातली. टपाल कचेरीत परतून तिनं संपादकांना फोन लावला. "खुलासा नको छापायला."

"मग चूक तुमच्याच नावावर राहील, बाई."

"राहू दे," पेर्सिदा म्हणाली.