खळं रिकामं नव्हतं

अन्याय झाला तो आमच्या गावातल्या बोंबील सुकवणाऱ्या बायकांवर. कधी झाला तेही सांगते: गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. आमच्या किनाऱ्यावरचं खळं, म्हणजे मासळी वाळवायची जागा, त्या वेळी सरकारी मोजणीत 'मोकळी, वापरात नसलेली जागा' ठरलं. आता तिथे रस्ता होणार, माल उतरवायचं आवार होणार. देशासाठी, असं आम्हाला सांगण्यात आलंय.

पत्रकं मी पुष्कळ लिहिली. पण पत्रकात बोंबलाचा वास येत नाही, म्हणून हे वेगळं लिहायला बसले.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला. थंडीत होड्या लागल्या की आय, काकी आणि आळीतल्या सगळ्या बाया खळ्यावर. बोंबील कसा वाळवतात ठाऊक आहे का? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, दुसरा तिकडे. खिळा नाही, गाठ नाही. बारीक दातांनी बोटं सोलून निघायची. दुपारपर्यंत बांबूच्या मांडवांवर रांगाच रांगा, आणि वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. त्यांच्या सावलीत बसून मी पाढे पाठ केले.

शाळेला मैदान नव्हतं. प्रजासत्ताक दिनाची कवायत खळ्यावरच व्हायची. गुरुजी सांगलीकडचे, नवीन आलेले. नाकाला रुमाल लावून 'सावधान' म्हणायचे. मांडवाआडून काकी ओरडायची, "गुरजी, रुमाल काडा! झेंड्याला काय वाटंल?" पोरं खिदळायची, रांग मोडायची. पुढे हेच गुरुजी सुट्टीत गावी जाताना सुक्या बोंबलांची जुडी पिशवीत कपड्यांखाली दडवून न्यायला लागले.

देश म्हणजे काय, हे मी त्या खळ्यावर बघितलं. रविवारी बोईसरहून माणसं यायची. कारखान्यातले, वीज केंद्राच्या वसाहतीतले. कोणी जळगावचं, कोणी साताऱ्याचं. एकदा उत्तरेकडचा एक तरुण कामगार काकीसमोर उभा राहिला.

"मौसी, ये बनाते कैसे हैं?"

"आदी भाज, मग खा. आनि खिडकी उगडी ठेव, नायतर रूमवाला हाकलंल तुला."

त्याला निम्मं कळलं असेल. पुढच्या रविवारी लांबूनच हसत आला. "मौसी, सच में निकाल रहा था!"

"मंग हितं रव्हायला ये," काकी म्हणाली. "हितं समद्यांनाच वास हाय."

तो देश मला हवा आहे. यायचा, विचारायचा, घासाघीस करायचा, वाळूत बसून चहा प्यायचा.

मी शाळेत असतानाच पालघर जिल्हा झाला. आम्ही पेढे वाटले. आय म्हणाली, "आता ठान्याला जायला नको. सायेब हितंच." साहेब खरंच जवळ आले. रस्ते आले, इमारती आल्या, माझं कॉलेज झालं, घरात फ्रिज आला. यातलं काही मला परत द्यायचं नाही, कोणी तसा आरोप करू नये. पण रविवारची माणसं हळूहळू थांबली. जळगावच्या काकू टॉवरमध्ये राहायला गेल्या, आता त्यांच्याकडे मासळी पाकिटातून येते. नवे कामगार ठेकेदाराच्या बसने येतात, बसनेच परत जातात. त्यांना समुद्र किती लांब आहे, हेही माहीत नसतं. आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. मग नकाशावर एखादी जागा मोकळी दिसायला कितीसा वेळ लागतो?

मोजणी झाली ती अशी. पावसाळ्यात होड्या बंद असतात. मांडव उतरवून बांबू पडवीत ठेवतात. पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, त्याआधी त्याच्या अंगणात कचरा नको, म्हणून खळं झाडायची आमची रीत. त्यात निरोप आला की मोजणीचे साहेब येणार. मग काय विचारता! बायकांनी काडी न काडी वेचली. दर वर्षी जमिनीत तसेच ठेवायचे ते खुंटसुद्धा उपटले, साहेबांना ठेच लागू नये म्हणून.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. छत्री सावरत म्हणाले, "मावशी, किती स्वच्छ ठेवलंय हो!"

आय लाजली. "तर काय सायेब, तुमी येनार म्हनून!"

चहा झाला, नारळाच्या वड्या झाल्या. मोजणीची फीत लावून साहेब गेले.

दिवाळीनंतर नोटीस आली. मी मोठ्याने वाचली. मांडव तेव्हा पुन्हा उभे होते, आम्ही त्यांच्याखालीच बसलो होतो. मग आय म्हणाली, "म्हंजे आमी घान ठेवली आसती, तर खळं रायलं आसतं?"

पाहुणा येणार म्हणून घर आवरलं, आणि त्या पाहुण्यानेच घरात कोणी राहत नाही असं लिहिलं. असा देश तिच्या ओळखीचा नव्हता.

काकी उसळली. "थंडीचा ये म्हनावं त्याला! मान वर करून चालता येनार नाय, बोंबील नाकाला लागंल!"

आम्ही तेच अर्जात लिहून दिलं, नीट भाषेत. उत्तर आलं: पुढच्या महिन्यात पालघरला सुनावणी आहे, जागा पूर्वीपासून वापरात असल्याचा पुरावा आणा. पुरावा! रोजच्या कामाचा पुरावा कोण जपून ठेवतं? आळीतली सगळी कपाटं उपसली. लग्नं सापडली, बारशी सापडली. खळं कुठेच नाही. "मासली वाळवताना फोटु कोन काडतंय?" आय म्हणाली.

तुम्ही काढले आहेत. बोईसरच्या वसाहतींतून, पालघरहून, वाणगावहून तुम्ही रविवारी किनाऱ्यावर यायचात. पोरांना मांडवांपुढे उभं करायचात, ती नाक दाबून हसायची, तुम्ही बटण दाबायचात. आमच्या बाया तुमच्या फोटोत नको म्हणून बाजूला सरकायच्या.

ते फोटो तुमच्याकडे आहेत. अल्बममध्ये, माळ्यावरच्या पेटीत, जुन्या फोनमध्ये. आज शोधा. पोरांच्या डोक्यामागे काय लोंबतंय ते बघा. सापडला तर नुसता पाठवू नका. सुनावणीच्या दिवशी तो घेऊन स्वतः पालघरला या, साहेबांपुढे उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा की तिथे बायका काम करत होत्या, आणि तुम्ही त्यांना पाहिलं आहे.