गाळाआधी थांबणारा हात

दातोबांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. उभं आयुष्य त्यांनी दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवण्यात घालवलं. मेणात एकेक दात बसवायचा, तापलेल्या सुरीनं हिरडीला आकार द्यायचा, आणि हे सगळं श्वास रोखून. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्याच हातचं हसायची. कुठे समारंभात कुणी खळखळून हसलं, की दातोबा त्याच्या तोंडाकडे न बघता वरच्या रांगेकडे बघत बसायचे आणि बायको त्यांना कोपरानं ढोसायची.

काम सोडल्यावर या हाताला एकच मानाचं काम राहिलं, जुनी वाइन ओतायचं.

त्याचं असं झालं. गल्लीत गाणं शिकवणाऱ्या बाईंचा थोरला भाऊ जहाजावर इंजिनियर होता. युरोपातल्या बंदरांवरून तो बहिणीसाठी कधीमधी एखादी बाटली आणायचा आणि बजावायचा, "लगेच उघडू नकोस, म्हातारी होऊ दे तिला." बाटली म्हातारी झाली की बाई, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि दातोबा रविवारी संध्याकाळी दातोबांच्या जेवणाच्या टेबलाशी जमायचे. जुन्या लाल वाइनच्या तळाशी गाळ साचतो. म्हणून बाटली आधी एक-दोन दिवस उभी ठेवायची. मग बाटलीच्या मानेमागे दिवा ठेवून, न हिंदकळता, एका दमात काचेच्या चंबूत ओतायची, आणि मानेपाशी गाळाची काळी रेघ दिसली की तिथल्या तिथे थांबायचं. पहिल्या खेपेला बेकरीवाल्यानं ओतली होती, तेव्हा तिघांनी चहाचा चोथा चावावा तशी ती वाइन चावली. त्यानंतर बाटलीला दातोबांशिवाय कुणाचा हात लागला नाही.

चवीवरून बाई आणि बेकरीवाला नेहमी हमरीतुमरीवर यायचे. बाईंना सुकलेल्या गुलाबाचा वास यायचा, बेकरीवाल्याला करपलेल्या साखरेचा. दातोबांचे शेरे दोनच, "बरी आहे" आणि "छान आहे". आपण इथे ओतण्यापुरते आहोत, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि सरत्या हिवाळ्यापासून उजवा हात थरथरायला लागला होता.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. सदऱ्याची बटणं तीच लावायची. "अहो, सांगून टाका ना त्यांना. परके आहेत का ते?" असं ती म्हणाली, की दातोबा खिडकीबाहेर बघायचे. ओतणारा हात गेला तर त्या टेबलाशी आपलं काय काम, हे त्यांना तिला विचारायचं होतं. विचारवत नव्हतं.

त्यात बाईंचा भाऊ वारला. शुक्रवारी बाई टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन आल्या. फ्रान्सच्या बर्गंडी भागातली, भावानं नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली. "दादाची शेवटची," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातात देते." दातोबांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, म्हणून बाईंना काही कळलं नाही.

रविवारी सकाळी बायको बाजारात गेली आणि दातोबांनी ठरवलं, की आत्ताच उरकून टाकायचं. आत्ता बघायला कुणी नाही आणि घाईही नाही. त्यांनी कोपर भिंतीला टेकवलं, मनगट डाव्या हातानं पकडलं आणि दातांवर दात दाबून बाटली तिरकी केली. मध्ये दोनदा थांबावं लागलं, पण वाइन स्वच्छ उतरली, माणकासारखी. मग बाटली विसळून, वाइन पुन्हा तिच्यात भरून त्यांनी बूच घट्ट दाबलं. आता संध्याकाळी हात हलला तरी उठायला गाळच नव्हता. इतकी जुनी वाइन एकदा हवेला लागली की काही तासांत मरते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. इतरांना ते सांगणारे हेच. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. बूच लावलंय ना, मग राहील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी सगळे जमले. दातोबांनी ओतलं. बाटलीची मान चंबूच्या काठावर किणकिणली, पण वाइन आरशासारखी निघाली, आणि बेकरीवाला म्हणाला, "याला म्हणतात हात!" दातोबांना क्षणभर फार बरं वाटलं.

मग बेकरीवाल्यानं ग्लास नाकाशी नेला आणि पुन्हा नेला. आज त्याला साखरबिखर काही सापडेना. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. ग्लासात लालसर, आंबट पाणी होतं, दुसरं काही नाही.

"गेली," बाई म्हणाल्या. "मीच उशीर केला. दादा सारखा म्हणायचा, आता उघडू या, मी आलो की उघडू या. मी म्हणायची, राहू दे, पुढच्या खेपेला. त्याला द्यायची ती कपाटात ठेवून मारली मी."

बेकरीवाला टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सरळ करत बसला. दातोबांची बायको नवऱ्याकडे बघत होती. दातोबांनी नुसतं गप्प बसायचं होतं. बाटली जुनीच होती, कुणाला काही कळलं नसतं. पण बाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि दातोबांच्यानं गप्प बसवेना.

"बाई, तुम्ही नाही मारलीत. मी मारली," ते म्हणाले. "सकाळीच ओतून ठेवली होती." आणि उजवा हात त्यांनी टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवला. तो हलत राहिला.

बेकरीवाल्यानं आधी हाताकडे पाहिलं, मग दातोबांच्या बायकोकडे. तिनं होकारार्थी मान हलवली. "म्हणजे खून तू करायचास आणि फाशी बाईंना?" तो म्हणाला. "गाढवा, कधीपासून आहे हे? आणि आम्ही कोण आहोत तुझे?"

बाई मात्र पुढे झुकल्या होत्या. "सकाळी चाखलीस तू?"

"घोटभर. चंबूच्या तळाशी राहिली होती तेवढी."

"कशी होती?"

"छान होती."

"दातोबा, आज एवढ्यावर भागायचं नाही. दादाची होती ती. तू एकट्यानंच चाखलीस. सांग मला."

दातोबा आयुष्यात असलं कधी बोलले नव्हते. "आधी काही कळलंच नाही," ते चाचरत म्हणाले. "मग लोकरीच्या कपड्यांची जुनी घडी उलगडली की येतो ना, तसा वास आला. उबदार. त्याच्यामागून पिकल्या फळाचा, गोडसर. आणि बाई, गिळली तरी ती जाईचना. मी चंबू धुतला, दाढी केली, तरी तोंडात होतीच. मला उगाच वाटत राहिलं, की कुणीतरी लांबून घरी आलंय आणि बाहेरच्या खोलीत बसलंय."

बाई रडल्या. लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग नाक पुसून म्हणाल्या, "म्हणजे जिवंत होती."

"चांगली जिवंत होती."

"म्हणजे मला उशीर नव्हता झाला."

"नाही, बाई."

बाईंनी ग्लासातलं ते आंबट पाणी थेंबही न ठेवता संपवलं आणि रिकामा ग्लास दातोबांसमोर धरला. "ओत."

दातोबांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो खुर्चीत रेलून हाताची घडी घालून बसला होता. दातोबांनी चंबू उचलला. थोडी वाइन ग्लासात पडली, थोडी बाईंच्या बोटांवर आणि बरीचशी टेबलक्लॉथवर. बाईंनी ग्लास हलू दिला नाही, आणि दातोबांच्या हातातून चंबू कुणी घेतला नाही.