देव पाटावर, दही देव्हाऱ्यात

त्या दिवसांत देवाशी माझं काही बरं चाललं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ दिवा लावत होते, पण नुसत्या सवयीनं. ह्यांच्या आतड्याला सूज आल्यापासून घराचं हसणंच गेलं होतं. कोळसा खाणीत उभी हयात काढलेला धिप्पाड माणूस पलंगावर चादरीत हरवून गेला होता. नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी साधं दूध बंद करून घरच्या दह्यावर भर दिला होता. हे दही पूर्ण दिवस आणि रात्र उबेत ठेवायचं, म्हणजे दुधातली साखर विरजण संपवतं आणि मग ते ह्यांना पचतं. ऊब चाळीस अंशांच्या आसपास हवी. फार वाढली तर विरजण मरतं. उतरली तर दही गोड राहतं, आणि तसं दही खाल्लं की हे पोट धरून तळमळायचे.

राजुऱ्याची हिवाळ्यातली थंडी, त्यात लाइटीचा भरवसा नाही. लाकडी खोक्यात बल्ब लावून मी बरणी ठेवायची आणि थर्मामीटर घेऊन सारखी उठायची. झोप अशी उरलीच नव्हती. तरी दोनदा लाइट गेली आणि दही बिघडलं. नागपूरहून आणलेल्या विरजणाची शेवटची पुडी मी दुधात घातली, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हे बिघडलं तं मले पुन्हा सांगू नको. थकलो मी. पेजेवरच राहीन, काय व्हायचं ते होऊ दे." पेजेवर हा माणूस किती दिवस निघेल, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाइट गेली. बल्ब विझला, आकडा उतरायला लागला. मला रडू कोसळलं. समोर देव्हारा होता, दारांचा, लाकडी. आत तेवढा दिवा जळत होता. मी रागातच देव उचलले, पाटावर मांडले, आणि आत दिव्याशेजारी बरणी ठेवली. म्हटलं, "आता तुझ्याच घरात ठेवली बाबा. तूच पाहा." दार थोडं उघडं ठेवलं, आकडा सावरला. जरा टेकावं म्हणून भिंतीला पाठ लावली, आणि केव्हा डोळा लागला ते कळलंच नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दिव्यातलं तेल केव्हाच संपलं असणार! पाहते तर दिवा छान जळतोय. समोर हे, आधाराशिवाय मोरीपर्यंत न जाणारे, जमिनीवर बसलेले. हातात थर्मामीटर, बाजूला तेलाची बाटली. आयुष्यात देवाला हात न जोडलेला माणूस देव्हाऱ्याचं दार बोटानं पुढे-मागे करत होता.

"अवो, उठवलं काऊन नाई मले?"

"झोपली होतीस, झोपू दिलं. दार लावलं तं गरम होऊन राह्यलं, म्हणून बसलो."

मग पाटाकडे लक्ष गेलं. ह्यांचा लोकरीचा मफलर देवांच्या अंगावर पांघरलेला होता. मी नुसती पाहत राहिले.

"पाहून काय राह्यली? घराबाहेर काढलंस त्यांले," हे पुटपुटले. "थंडी नसंल का वाजत?"

इतके महिने मी हात सोडला तर सगळं बुडेल असं धरून बसले होते. त्या दुपारी हात आपोआप सुटला, आणि सांभाळणारा माझ्याच घरातून उठून आला. त्याला कोणी उठवलं, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारत नाही. रोज फक्त हात जोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी उघडली. दही घट्ट लागलं होतं, चांगलं आंबट. ह्यांनी चमचाभर खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि वाटी पुढे केली.

"आणखी दे."

कित्येक महिन्यांनी ह्यांनी खायला मागितलं होतं.