कराचीच्या पेपरातलं अक्षर

धम्माची दीक्षा घेतल्यावर पुढं मला पुसदला मास्तरकी लागली, पण खोली काही मिळेना. घरमालक आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि मग त्यांना एकदम आठवायचं, खोली तर कालच दिली. शेवटी एका मुसलमान विधवेनं मागची खोली दिली. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची, मीही म्हणू लागलो.

चाचीचा एकुलता भाऊ फाळणीनंतर कराचीला गेलेला. तिथं एका उर्दू पेपरात तो कातिब होता. उर्दू पेपर तेव्हा शिशाचे खिळे जुळवून निघत नसत. कातिब अख्खं पान हातानं लिहायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. पुढं तिकडं फौजेचं राज्य आलं. निवडणुका रद्द झाल्या, पेपरांची तोंडं बंद झाली. याच्या पेपरात सरकारविरुद्ध काहीतरी छापून आलं, तर संपादकासोबत यालाही उचललं. मजकूर दुसऱ्याचा, पण अक्षर याचं ना, म्हणून. काय न्याय म्हणावा याला! त्यानंतर त्याची काही खबर नव्हती.

शाळेत माझा पाण्याचा गिलास वेगळा ठेवत. त्यावरून भांडून भांडून मी पार कंटाळून घरी यायचो, तर दारातच चाची विचारायची, "मास्तर, रेडिओवर काही सांगतलं का कराचीचं?" मी नाही म्हणून मान हलवायचो. एका कातिबाची बातमी कोणता रेडिओ देतो?

मग तिचा एक नातलग कराचीहून आला. त्यानं खजूर आणले होते, तिथल्याच ताज्या पेपरात गुंडाळून. चाचीला वाचता येत नव्हतं. पण लहानपणी भावाची शाई तीच घोटायची, त्याच्या शेजारी बसून तासन्‌तास पाहायची. खजूर तसेच टाकून ती कागद घेऊन माझ्याकडं आली.

"हे माह्या भावाचंच अक्षर हाय, मास्तर. अक्षराचा हा वाटीसारखा गोल दुसऱ्या कोणाले जमत नाही. सुटला तो."

तिनं शिरखुर्मा केला, गल्लीत वाटला. मलाही कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळी तिनं उर्दू शाळेच्या मास्तरांना पेपर वाचायला बोलावलं. त्यांनी चष्मा लावून मनातल्या मनात वाचलं आणि पेपराची घडी घातली.

"काय लिवलं हाय, भाईजान?"

"जनरलसाहेबांची तारीफ आहे," ते म्हणाले. "लोकांना मताचा हक्क झेपत नाही, फौजेनं मुल्क वाचवला, असं. पानभर तेच आहे."

मी घाईनं म्हणालो, "चाची, मजकूर दुसऱ्याचा असते."

"पहिले बी दुसऱ्याचाच होता," ती म्हणाली.

मग ती कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. भाऊ सुटावा म्हणून ती रोज नमाजाला बसून रडायची. आता तो सुटला होता. रडायचं तर कशासाठी, हे तिला समजेना, आणि मलाही सांगता येईना.